दोनशे चार रत्तल

(१९३४चा हिवाळा, कार्ल्याच्या पायऱ्यांचा माथा. लोणावळ्याच्या शाळेतले मास्तर मांडीवर वही घेऊन हिशेब करतायत. समोर धापा टाकणारा पैलवान अंबाजी आणि त्याचे वस्ताद अल्लाउद्दीन.)

अल्लाउद्दीन : खाली काय बघतोस? मान वर कर! डाकेची थैली घिऊन पळणारा हौशीराम साठ सेकंदांत वर आला. मकसूद सायकल सोडून कदी चार पावलं चालला न्हाई, त्यो सत्तरात आला. आन् माझा पठ्ठ्या शंभर लावतो!

अंबाजी : दम... दम घिऊ द्या, वस्ताद.

अल्लाउद्दीन : दम कसला? बंगल्यावरच्या शेठनी एकाच गड्याला वर्षाचा खुराक कबूल केलाय. दूध, तूप, बदाम, समदं. त्यो गेला तर तुला काय माती चारू?

मास्तर : जरा थांबा हो वस्ताद. आकडा लागू दे.

अल्लाउद्दीन : आकडा डोळ्यांनी दिसला, मास्तर. अंबाजी, खरं बोल. सकाळी मळवली स्टेशनात पार्सलच्या काट्यावर हुबा ऱ्हायलास. किती भरलास?

अंबाजी : ध्यानात न्हाई.

अल्लाउद्दीन : मास्तर, तुमी सांगा.

मास्तर : दोनशे चार रत्तल.

अल्लाउद्दीन : आठ दिसांमागं त्याच काट्यावर मी तुला हुबा केलता. तवा बी दोनशे चार! काय सांगितलं होतं मी?

अंबाजी : दिसाला एक भाकरी. दूध बंद. चढायचं हाय, अंग हलकं झालं पायजे.

अल्लाउद्दीन : आन् रोज माझ्या पायाला हात लावून काय म्हणायचास?

अंबाजी : एकच खाल्ली म्हणायचो.

अल्लाउद्दीन : खाल्ल्या किती?

अंबाजी : पाच. वर दूध. पोटात आग पडायची वो. दुसऱ्याच दिशी डोळ्यापुढं अंधारी आली. आईनं बघितलं, ताटावर बसवलं. न्हाई म्हणाया जीभ रेटली न्हाई.

अल्लाउद्दीन : उपाशी ऱ्हावत न्हाई, असं सांगायचं होतंस की! मारलं असतं का मी तुला? तोंडावर खोटं बोललास. आजपास्नं तालीम तुला बंद. खुंटीवरचा लंगोट काढ आन् घरी वडिवळ्याला जाऊन भात झोड.

अंबाजी : वस्ताद, पाया पडतो. मारा, पर भायेर काढू नका. धा वर्सं त्या मातीत काढल्यात मी.

अल्लाउद्दीन : हात लावू नकोस मला!

मास्तर : अहो, ऐकता का माझं? ही शर्यत नव्हतीच. शेठच्या बंगल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं होतं मी, कुठल्या खेळातल्या गड्याच्या अंगात किती जोर आहे ते मोजायचं, आणि ज्याचा जोर जास्त त्याला खुराक.

अल्लाउद्दीन : मंग जो आदी वर, त्याचा जोर जास्त. त्यात हिशेब कसला?

मास्तर : तुम्ही गव्हाचं पोतं माडीवर नेलंत आणि मी पायलीभर गहू नेले. मी आधी पोचलो. जोर कुणी जास्त लावला?

अल्लाउद्दीन : ...मी.

मास्तर : झालं तर! इथं प्रत्येकानं आपापलं वजन दीडशे फूट वर आणलं. वजनाला उंचीनं गुणायचं आणि लागलेल्या सेकंदांनी भागायचं. हौशीराम एकशे बारा रत्तल, त्याचे आले दोनशे ऐंशी. मकसूद एकशे चाळीस, त्याचे तीनशे. अंबाजीचे तीनशे सहा.

अंबाजी : म्हंजी वं?

मास्तर : म्हणजे खुराक तुझा. घोड्याच्या निम्म्याहून जास्त जोर लावलास, गड्या!

अल्लाउद्दीन : आन् यानं माझं ऐकलं असतं तर?

मास्तर : एकशे नव्वदवर आला असता. तेवढ्याच वेळात चढला असता, तरी दोनशे पंच्याऐंशी. मकसूदनं नेला असता खुराक.

अल्लाउद्दीन : म्हंजी मीच घालवत हुतो.

अंबाजी : तुमाला तरी काय ठावं, वस्ताद?

अल्लाउद्दीन : गप. खुराक मिळाला, लय बरं झालं. पर खोटं ते खोटंच. मास्तर, याच्या नावापुढं माझ्या तालमीचं नाव लिवू नका. निघतो मी.

मास्तर : अहो, जपून! अंबाजी, धर, धर त्यांना!

अंबाजी : वस्ताद! बसा, हितं बसा. अंग गार पडलंय की तुमचं. आन् ही बंडी एवढी ढिली कशानं झाली? वस्ताद, तुमी जेवला न्हाई?

अल्लाउद्दीन : जेवलो. एक भाकरी.

अंबाजी : आज?

अल्लाउद्दीन : रोजच. तुला उपाशी ठिवून माझ्या गळ्याखाली घास कसा उतरणार हुता?

अंबाजी : आठ दिस, वस्ताद?

अल्लाउद्दीन : सोड हात. उतरंन मी.

अंबाजी : न्हाई सोडत. मास्तर, कुणापाशी वाईच भाकरी हाय का बघा की.