कल्पनाच्या हातचं इन्शुलिन

आजच्या सभेचे अध्यक्ष विश्वजित राजवाडे, व्यासपीठावर बसलेल्या डॉक्टर ऋचा मिश्र, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते चंद्रहासराव आणि कल्पना टेंभेकर, नाशिकहून त्यांना न्यायला आलेली त्यांची लेक अंतरा, आपल्या लखनौच्या मराठी मंडळाचे सगळे पदाधिकारी, इंदिरा नगरातले आमचे शेजारी आणि बख्शी का तालाबहून भर उन्हात आलेली हवाई दलातली मंडळी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी सुनीती देव. टेंभेकरांच्या समोरच्या घरात राहते. आयुष्यभर लोकांना ‘हळू बोला’ सांगणाऱ्या ग्रंथपाल बाईच्या हाती तुम्ही आज माईक दिला आहे, तेव्हा आवाज मागे पोचत नसेल तर हात वर करा. डॉक्टर ऋचा, आपको आधा ही समझ में आएगा, पर आधी कहानी तो आपकी ही है.

आज इथे आजाराचा विषय काढायचा की नाही, यावर कार्यकारिणीत थोडी चर्चा झाली. निरोपाच्या कार्यक्रमात चांगलंच बोलावं, असं काहींचं म्हणणं पडलं. शेवटी मी चंद्रहासरावांनाच विचारलं. ते म्हणाले, “तिच्यासमोर बोला, सुनीतीताई. तिने लपवण्यासारखं काही केलेलं नाही.” म्हणून बोलते.

कल्पनाला इथे बहुतेक जण ‘बाई’ म्हणून ओळखतात. बावीस वर्षं दर रविवारी तिने याच हॉलमध्ये आपल्या मुलांचा मराठीचा वर्ग घेतला. लखनौत वाढलेली आपली मुलं. मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देणारी. ‘कमल’ म्हणणाऱ्या पोराकडून ‘कमळ’ म्हणवून घेतल्याशिवाय तिने कधी खाऊचा डबा उघडला नाही. बाभूळ, जांभूळ, मुळा, केळं. आज मागच्या रांगेत दाढीमिशावाले पुरुष बसले आहेत, त्यांच्या तोंडात तो ‘ळ’ कल्पनाने बसवला आहे. बसवला की नाही रे? बघा, हसतायत.

आणि चंद्रहासराव म्हणजे आंब्याचे शास्त्रज्ञ. मलिहाबादच्या रस्त्यावरच्या संशोधन संस्थेत त्यांची सगळी नोकरी झाली. जून आला की झाडाझाडाच्या फळाची फोड चाखायची आणि गोडी, वास, रेषा यांची नोंद करायची. लोकांना वाटायचं, काय नशीब आहे! दशहरी खायचा पगार मिळतो.

चंद्रहासराव सत्तेचाळीस वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. मुळातच सडपातळ माणूस, तो आणखी वाळायला लागला. तपासणीत साखर निघाली. एका दवाखान्यात सांगितलं की चाळिशीनंतर होतो तोच हा मधुमेह. गोळ्या दिल्या, भात बंद केला, चालायला सांगितलं. हे चालले. संस्थेच्या बागेत रोज दोन तास चालले. कल्पना दर महिन्याला त्यांच्या पँटी कमरेत आत घेत होती. वजन अकरा किलो उतरलं, पण साखर काही तीनशेच्या खाली येईना. आणि आम्ही शहाणी माणसं काय म्हणत होतो? आंब्यात काम करतो, चोरून खात असणार. मीही म्हटलं होतं. त्यांच्या तोंडावर नाही, पण म्हटलं होतं. त्या वर्षी त्यांनी एकही फोड तोंडात घातली नाही. सहकारी चाखायचे आणि हे नुसतं लिहून घ्यायचे.

वर्ष असं गेलं. मग कोणीतरी त्यांना डॉक्टर ऋचांकडे पाठवलं. त्यांनी एक वेगळी रक्ततपासणी करायला लावली. निघालं ते असं, की लहान मुलांना होतो तसला हा मधुमेह, फक्त मोठ्या वयात आणि दबक्या पावलांनी आलेला. शरीराची रोगाशी लढणारी ताकद स्वतःच्याच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्यांना हळूहळू मारून टाकते. मग गोळ्या पुरत नाहीत आणि कितीही चाललात तरी भागत नाही. बाहेरून इन्शुलिन घ्यावंच लागतं, जन्मभर. डॉक्टरांनी त्या दिवशी एक वाक्य सांगितलं, ते कल्पना पुढे कितीतरी वेळा सांगायची. “भाई साहब, आपने कुछ ग़लत नहीं किया.” वर्षभरात त्यांना हे पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होतं. चंद्रहासराव तिथेच खुर्चीत रडले.

या आजाराचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, पण डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात ‘लाडा’ म्हणतात. कल्पना म्हणाली होती, “नाव लाडाचं आणि लाड एकही पुरवत नाही मेला.”

आता अडचण अशी, की चंद्रहासरावांना सुईची भयंकर भीती. लस टोचताना चक्कर येऊन पडणारा माणूस! दिवसातून चार वेळा स्वतःला टोचून घ्यायचं म्हटल्यावर त्यांनी इन्शुलिनचं पेन टेबलावर ठेवून दिलं. कल्पनाने ते हातात घेतलं, म्हणाली, “तुम्ही तिकडे बघा,” आणि टोचलं. त्या दिवसापासून पुढची सतरा वर्षं त्यांचं प्रत्येक इन्शुलिन कल्पनाच्या हातचं.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी हे आहे त्यांना ठाऊक असेल, की हे नुसतं टोचणं नसतं. आधी साखर किती हे बघायचं, मग ताटात काय आहे ते, आणि माणूस आज चालणार आहे की बसणार आहे ते. त्यावर युनिट ठरतात. कमी पडलं तर साखर चढते, आणि जास्त झालं तर ती इतकी उतरते, की माणूस हातातून जातो. कल्पनाने स्वयंपाकघरात वजनकाटा आणला. सोललेला, कोय काढलेला दशहरी तोलून ती सांगायची, याला इतकं इन्शुलिन. पुढच्या जूनमध्ये ती वही घेऊन संस्थेच्या शेडमध्ये त्यांच्या शेजारी बसली, फोडी मोजत. आणि चंद्रहासरावांनी पुन्हा आंबा चाखला. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एक फोड तोंडात ठेवून ते इतका वेळ गप्प राहिले, की जवळचा माळी घाबरला.

दुपारी त्यांना जेवायला घरी येता यावं म्हणून दोघं संस्थेच्या क्वार्टरमध्येच राहिली. अंतराच्या बाळंतपणाला कल्पना नाशिकला गेली तीही त्यांना बरोबर घेऊनच. सतरा वर्षांत ती एक दिवसही एकटी माहेरी राहिली नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, “मला कुठे करमतं?” निवृत्तीनंतर ती दोघं इंदिरा नगरात आमच्या समोर आली.

अध्यक्ष महाराज घड्याळाकडे बघतायत. थोडं थांबा, विश्वजितजी. ज्यासाठी उभी राहिले आहे ते अजून सांगायचंच आहे.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. दुपारची वेळ. कल्पना पदराखाली काहीतरी धरून माझ्याकडे आली. त्यांच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर होतं ते. प्रत्येक इंजेक्शननंतर त्यावर एक बारीक खूण करायची तिची पद्धत. तिने कालच्या चौकोनावर बोट ठेवलं. सकाळच्या जागी दोन खुणा होत्या.

“सुनीती, मी दोनदा टोचलं, की खूणच दोनदा केली?”

मी म्हटलं, खूणच केली असशील. ती म्हणाली, काल दुपारी यांना घाम फुटला होता, साखर एकसष्टवर उतरली होती. मग तिने मागची पानं उलटून दाखवली. एके ठिकाणी खूणच नव्हती. एका ठिकाणी तीन होत्या. ती अगदी शांतपणे, वर्गात चुका दाखवायची तशी, स्वतःच्या चुका दाखवत होती.

मग म्हणाली, “यांना सांगू नकोस. माझ्या हातून घेणं बंद करतील.”

मी नाही सांगितलं. तिला शब्द दिला. मला वाटलं, मैत्रीण म्हणून मी फार शहाणपणाचा मार्ग काढते आहे. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या जेवणाच्या वेळी मी काही ना काही घेऊन तिकडे जायला लागले. कधी कोशिंबीर, कधी चटणी. खुर्चीत बसायचं, ती एकदाच टोचते ना ते बघायचं आणि परत यायचं. अकरा दिवस मी हे केलं.

बाराव्या दिवशी मला भाचीच्या डोहाळजेवणाला कानपूरला जावं लागलं.

त्या दुपारी काय झालं ते मला चंद्रहासरावांनी नंतर सांगितलं. कल्पनाने जेवणाआधी टोचलं. तेवढ्यात गॅसवाला आला, ती दाराशी गेली, परत आली आणि पुन्हा पेन घेऊन समोर उभी राहिली. ते म्हणाले, आत्ताच झालं ना? ती म्हणाली, ते काल. आणि त्यांनी सदरा वर केला. सतरा वर्षांत ती चुकली नव्हती, तेव्हा चूक आपलीच होत असणार असं वाटलं, असं ते तेव्हा म्हणाले. जेवले. आडवे झाले.

मी साडेचारच्या सुमाराला परतले, ते थेट त्यांच्याकडेच गेले. कल्पना पलंगावर त्यांच्या उशाशी बसली होती. ते घामाने निथळत होते, श्वास घोरल्यासारखा. ती पदराने त्यांचं कपाळ पुसत होती. मला म्हणाली, “हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय.”

मी हाका मारल्या, हलवलं. काही नाही. बोट टोचून साखर बघितली. अठ्ठावीस. डॉक्टर ऋचांना फोन लावला. त्या म्हणाल्या, मुँह में कुछ मत डालिए, करवट पर लिटाइए, मैं एम्बुलेंस भेज रही हूँ. मी त्यांना कुशीवर वळवलं. पाणी पाजायला निघालेला माझा हात डॉक्टरांच्या शब्दाने थांबला, नाहीतर मी त्यांना गुदमरवलं असतं. रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज दिलं, तरी त्यांना पुरती शुद्ध यायला दुसरा दिवस उजाडला.

ते बोलायला लागले तेव्हा आम्ही दोघी खाटेजवळ होतो. कल्पनाने विचारलं, “कोणी दिलं दोनदा?”

मी खिडकीकडे बघत राहिले. चंद्रहासराव म्हणाले, “मीच घेतलं. चुकून.”

ती म्हणाली, “तुम्हाला स्वतःला टोचता येत नाही.”

त्यानंतर तिने त्यांना काही विचारलं नाही. तपासण्या झाल्या, स्मृतिभ्रंशाचं नाव पडलं, रविवारचा वर्ग बंद झाला. पासष्टाव्या वर्षी चंद्रहासराव डॉक्टर ऋचांसमोर बसून सुई धरायला शिकले. पहिल्या दिवशी चक्कर येऊन पडले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी जमलं. आता त्यांच्या दंडावर साखर मोजणारी चकती असते, साखर उतरली की फोन वाजतो. नाशिकला अंतराच्या फोनवरही ते आकडे दिसतात.

पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. जेवणाआधी ते आतल्या खोलीत जाऊन आपलं आपण टोचून घेतात आणि मग बाहेर येऊन कल्पनासमोर बसतात. तिच्या हातात एक जुनं, रिकामं, सुई नसलेलं पेन देतात आणि सदरा वर करतात. ती ते पोटावर टेकवते, खटका दाबते आणि दहापर्यंत आकडे म्हणते. औषध पूर्ण आत जावं म्हणून दहा मोजायचे असतात. हल्ली तिला दहावर थांबायचं लक्षात राहत नाही. अकरा, बारा, वीस, पस्तीस. ते सदरा धरून बसून राहतात. एकदा मी असताना ती ब्याऐंशीपर्यंत गेली. आमटी निवली. ते हलले नाहीत.

गेल्या आठवड्यात मी त्यांना ते अकरा दिवस सांगितले. दोन वर्षं मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. ते ऐकून रागावतील, उठून जातील, अशी मनाची तयारी केली होती. ते म्हणाले, “सुनीतीताई, मला त्याच्याही आधी कळलं होतं. दिवाळीपासून. ती विसरते हे मला दिसत होतं. मीही काही बोललो नाही. पेन काढून घेतलं असतं, तर तिच्याजवळ काय राहिलं असतं?”

म्हणजे एका घरात आम्ही तिघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. तिघांनीही प्रेमापोटी. आणि त्यापायी एक माणूस मरणाच्या दारात जाऊन आला. तिला काही महिने आधी उपचार मिळाले असते, तर काही फरक पडला असता का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. मी रोज स्वतःला विचारते.

उद्या सकाळच्या गाडीने ही दोघं नाशिकला जातील. अंतरा, तळमजल्यावरचं घर तू घेतलंस हे बरं केलंस. आईशी मराठीतच बोल, हिंदी तिच्या मनात आधी पुसट होत चालली आहे. चंद्रहासराव, मलिहाबादहून तुमच्यासाठी आंब्याची पेटी येत राहील, मी पाठवीन.

मंडळाने मला बोलायची संधी दिली, डॉक्टर ऋचा दवाखाना बंद ठेवून आल्या, आणि तुम्ही सगळ्यांनी हे जड बोलणं शांतपणे ऐकलंत, याबद्दल मी तुमची ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते सभेने पोटात घालावं. न बोलण्यात जे झालं त्याची क्षमा मी कल्पनाकडे मागते. कल्पना, तू हॉस्पिटलात विचारलं होतंस. मला उत्तर माहीत होतं. मी दिलं नाही.

खाली पानं वाढली आहेत. टेंभेकरांसाठी शेजारची खोली उघडून ठेवली आहे. त्या दोघांचं होईपर्यंत कोणीही जेवायला सुरुवात करू नये, एवढी माझी विनंती. कितीही आकडे झाले तरी आपण थांबू. नमस्कार.