सातची नेटबंदी

कॉलर धरली मी केबलवाल्याची, अन् चोर निघाला आमचा दादा.

दादा महिन्यापूर्वी अपघातात गेला. घरातलं केबलचं नेट त्याच्या जुन्या लिनक्सच्या कॉम्प्युटरमधून सगळ्यांच्या मोबाईलवर जायचं. पण रोज संध्याकाळी सात वाजता फक्त माझंच तासभर बंद पडायचं.

कॉलर झटकत केबलवाला घरी आला, कॉम्प्युटर उघडून बसला अन् हसायला लागला.

“लाईन बरोबर आहे गा. तुह्या भावानंच तुहा मोबाईल सात ते आठ बंद करून ठेवला. इथं लिहूनही ठेवलं, ‘दहावी पास होईपर्यंत’. काढून टाकू?”

दहावीत मी दोनदा आपटलो होतो.

“राहू दे,” मी म्हटलं. “दादा रोज सात वाजता मले सतवायले येऊन राहिला. मग मी पास कायले होऊ?”