मुकादमाची आई

आयसा : बस. शाल काढू नकोस, फार वेळ लागायचा नाही.

एफी : संपाच्या समितीतून माझं नाव खोडलंत, हे सांगायला घरी बोलावलंत? अख्ख्या डंडी गावाला ते दुपारीच कळलंय.

आयसा : मग कारणही कळलं असेल.

एफी : तुमच्या तोंडून ऐकू दे, आयसाबाई.

आयसा : गुरुवारी न्याहारीच्या भोंग्याला आम्ही विणकरणींनी माग सोडायचे, खाली सूतखात्यात यायचं आणि तुम्हाला घेऊन एकदम बाहेर पडायचं. जिन्याशी पोचलो तर दाराला कुलूप. गॅलोवे मुकादम किल्ली बोटात फिरवत उभा. आधीपासून ठाऊक कुणाला? चौघींना. त्यात सूतखात्यातली तू एकटी.

एफी : आणि नोकरी कुणाची गेली? दाराच्या खालच्या अंगाला आम्ही कामं सोडून तुमची वाट बघत राहिलो. माझ्या खात्यातल्या तीन पोरी घरी बसल्या. आम्ही शालवाल्या; तुम्हा विणकरणींच्या हॅटचं पीससुद्धा हललं नाही.

आयसा : हॅटवर जाऊ नकोस. बुधवारी तू ऑफिसात गेली होतीस. आमच्यातल्या जेसी विणकरणीनं पाहिलंय.

एफी : सासऱ्याच्या मयताची रजा मागायला. मिळाली नाही.

आयसा : मयत सोयीचं असतं.

एफी : सासऱ्याला सांगायला हवं होतं, बाईंना संशय येईल, जरा थांबा म्हणून! त्यापेक्षा पूर्वी बरं होतं. डोकं फिरलं की बाहेर पडायचं, चौकात गाणी म्हणत नाचायचं, तिसऱ्या दिवशी भुकेनं परत. फितूर कुणी नव्हतं, कारण फोडायला काही ठरलेलंच नसायचं.

आयसा : म्हणून तर समिती काढली.

एफी : आणि तिचं पहिलं काम काय, तर एकमेकींवर पाळत. बरं, हे सगळं ठरलं कुठं?

आयसा : कागदावर एक अक्षर नाही. गल्लीत नाही, चर्चच्या पायरीवर नाही. मागावरच, नुसते ओठ हलवून. मी या टोकाला, जेसी त्या टोकाला. त्या खडखडाटात कोण ऐकणार?

एफी : आणि गॅलोवे?

आयसा : तो मधून फिरतो. पुरुषमाणूस. त्याला ओठ कसले वाचता येतात!

एफी : त्याची आई आमच्याच जिन्यावरच्या खोलीत राहायची. तीस वर्षं मागावर, चाळिशीत ठार बहिरी. तो घरात तिच्याशी कसा बोलत असेल? तीही नुसते ओठच हलवायची.

आयसा : हे तुला आजच आठवलं?

एफी : तुम्ही त्याच्या डोळ्यांदेखत ठरवता, हे मला आजच कळतंय. मला वाटलं, एखादीच्या घरी चहावर बसत असाल. सूतवाल्यांना तुम्ही फक्त निकाल कळवता ना.

आयसा : बोलायला चांगली आहेस. पुरावा?

एफी : सोमवारी पारखा. जेसी जागेवर नसताना एखाद्या खांबाकडे तोंड करून ओठ हलवा, की उद्या अमुक फाटकातून निघायचं. तुमचं तोंड फक्त त्याला दिसायला हवं. फाटक कुठलं, ते मला सांगू नका. जेसीलाही नको.

आयसा : आणि त्या फाटकाशी कुणी नसलं तर?

एफी : तर नाव खोडलंत ते बरोबर केलंत. पुन्हा तोंड दाखवणार नाही.

(मंगळवार, न्याहारीची सुट्टी. गिरणीमागची भिंत.)

एफी : बोला.

आयसा : कोळशाच्या फाटकाशी दोन पोलीस. सकाळी सहापासून.

एफी : सांगितलं होतंत कुणाला?

आयसा : खांबाला.

एफी : मग खांबाचंही नाव खोडा.

आयसा : हसू नकोस गं. चार महिने मी त्याच्यासमोर सगळं बोललेय. कोण पक्की, कोण घाबरते, तुमच्यातल्या कोण पुढं होतील. तुझ्या तीन पोरींच्या नोकऱ्या मीच घालवल्या.

एफी : हो.

आयसा : 'नाही' म्हणाली असतीस तर बरं वाटलं असतं.

एफी : ते जेसी म्हणेल.

आयसा : आज समितीत उभी राहून सांगते. तुझ्यावर आळ घेतला तोही मीच, तेही सांगते. गॅलोवेला मात्र काही कळू द्यायचं नाही. त्याला रोज काहीतरी वाचायला देऊ. खरं ठरेल ते तुमच्या स्वयंपाकघरात, सूतवाल्या नि विणकरणी एकत्र बसून.

एफी : चहा नवरा करतो. पाणचट असतो.

आयसा : चालेल. आणि तुझं नाव परत घालते.

एफी : माझं मागून. आधी त्या तिघींची घाला. त्यांना आता कुठल्याच मुकादमाची भीती उरलेली नाही.