निळेच हवेत

दुकानात बूट बदलून घ्यायच्या रांगेत बाप वैतागून उभा होता. लेकीनं तिसऱ्यांदा नाक मुरडलं होतं. पुढच्या दोघींचं बोलणं कानावर येत होतं.

“तुमचेही लहान झाले का हो?”

“छे, मापात आहेत. पोरीला आवडलेच नाहीत!”

“आणि त्याचा एवढा आनंद?”

“होणारच! गावाकडं आमचं बालगृह आहे, निराधार पोरांचं. मी तिथली मावशी. ही पोर आल्यापासून जे द्याल ते घेणार. जेवण खारट झालं तरी हूं की चूं नाही.”

“गुणी आहे की मग!”

“गुणी कसली, भेदरलेली! काही मागितलं तर हाकलून देतील, अशी भीती. आणि आज बूट दिले, तर भिरकावलेच! ‘मावशी, भिकार आहेत हे. मला निळेच हवेत!’”

“रागावलात ना?”

“रागावतेय कसली! स्वयंपाकीणबाईंना हाक मारली, म्हटलं, बाळा, पुन्हा एकदा बोल!”

“आणि निळे नाहीच मिळाले तर?”

“तर रुसेल! रुसू दे की. तिचा रुसवा अजून बघितलाय कुणी?”

मावशी निळे बूट घेऊन गेली. दुकानदारानं बापाकडं पाहिलं.

“तुमचे का परत?”

“आमच्याही लेकीला आवडले नाहीत,” बाप ऐटीत म्हणाला.