इथे बॉक्स नंबर टाका

सत्यम : चाळीस खोकी, राजेश्वरीताई. दिल्लीत उतरली, आणि प्रत्येक लेबलावर नंबरच्या जागी काय छापलंय? ‘इथे बॉक्स नंबर टाका’.

राजेश्वरी : शुद्धलेखन तरी बरोबर होतं ना?

सत्यम : हसू नका. तिथला व्यापारी साहेबांना विचारतोय, ही गुलाबाची कुठली नवी जात काढलीत.

राजेश्वरी : चूक माझी आहे. फाईलमध्ये नमुन्याची कमांड लिहिताना नंबरच्या जागी मीच ते मराठीत लिहून ठेवलं. छापणारीनं अख्खी ओळ उचलून तशीच डकवली.

सत्यम : म्हणूनच साहेबांनी मला पुण्याहून पाठवलंय. तुमची ती ‘कसं’ फाईल काढून टाकायची. पॅकिंगच्या बायकांना टर्मिनल, म्हणजे ते कमांडचं मशीनच, बंद.

राजेश्वरी : साहेबांनी ती कधी बघितली तरी आहे का? काळ्या पडद्यावर ‘कसं लेबल’ टाईप केलं की लेबल काढायची कमांड समोर येते. ‘कसं प्रिंटर’ म्हटलं की अडकलेला प्रिंटर सोडवायची. आधी काय होतं? प्रिंटर अडकला की तुम्हाला फोन. तुम्ही मीटिंगमध्ये. आणि फुलं इथं बाहेर माना टाकून.

सत्यम : मीटिंग काय मी हौसेनं करतो?

राजेश्वरी : तेच म्हणते मी. म्हणून मला एकेक सापडत गेलं ते सगळ्यांसाठी लिहून ठेवलं. मग कोमलनं तिचं घातलं, शालूबाईंनी त्यांचं.

सत्यम : त्या सकाळी कीबोर्डवर कोण होतं? नाव द्यावं लागेल.

राजेश्वरी : माझं द्या.

सत्यम : तुम्ही रजेवर होतात.

राजेश्वरी : मग नाव मिळणार नाही.

(विठाबाई हातमोजे काढत शीतगृहातून बाहेर येते.)

विठाबाई : मिळंल की. विठाबाई, पॅकिंग, ऱ्हानार आंदर मावळ. लिव्हा.

राजेश्वरी : विठाबाई, तुम्ही मधे पडू नका.

विठाबाई : का म्हनून? चोरी न्हाई केली, चुकले. दोन दिस घास उतरला न्हाई. मग परत ह्याच मशीनम्होरं बसले. ताई म्हनली हुती, कमांडच्या नावाम्होरं हेल्प टाकलं की ती आपली समदी कुंडली सांगती. इंग्रजी मी अडखळत वाचते. पर एक शब्द वळखीचा निघाला, प्रीव्ह्यू. मोबाईलमधी फोटो पाठवताना बघितलेला.

सत्यम : मग?

विठाबाई : मग त्यो जोडला. आता लेबल आदी पडद्यावर दिसतं. आपन व्हय म्हटल्याबिगर कागूद हलत न्हाई. घातलंय फाईलमधी, वाचा.

सत्यम : ...ही सोय आहे यात? मलाच माहीत नव्हती. आपल्या बाकीच्या दोन पॅकहाऊसला पण हवीये. थांबा, फाईल आधी कॉपी करून घेतो, मग—

राजेश्वरी : मग इथली पुसता?

सत्यम : हुकूम आहे, ताई.

राजेश्वरी : मग कॉपीही मिळणार नाही. आमचं शोधलेलं घ्यायचं आणि आम्हालाच दाराबाहेर उभं करायचं? ते जमणार नाही.

सत्यम : साहेबांना काय सांगू?

विठाबाई : सांगा, बाईनं चूक केली, बाईनंच निस्तरली. आन् मशीन आमाला बंद केलं, तर उद्या लेबलं काढाया तुमी या. पुण्यास्नं.

सत्यम : किती वाजता?

विठाबाई : सकाळी सहाला. मी साडेचारला निघते. चालत.