बग्गीच्या दारातली बाई

माझा नाद तुम्हाला माहीतच आहे. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रजी साप्ताहिकांची मुखपृष्ठं मी जमवतो, त्यातही नटव्या बड्या लोकांची टर उडवणारी. पाहुण्यांना एकेका चित्रातली गंमत समजावून सांगतो. कुणी हसत नाही. बायको तर सगळ्याला रद्दीच म्हणते.

साखरखेर्ड्याची माझी भाची लग्नाचा लेहंगा शिवायला आमच्याकडे नांदुऱ्याला आली आणि एका चित्रापुढे थबकली. घागरा इतका फुगलेला की बाई बग्गीच्या दारात अडकली आहे आणि दोन नोकर तिला मागून ढकलतायत.

"मामा, मले असाच घेर पायजे."

"अवं पोरी, थे तिची टिंगल करून राह्यले."

"करू द्या. घेर पाहा ना."

टेलरनं आत तारेची कडी घालून हुबेहूब शिवला.

नवरीला मंडपात आणायचा मान मामाचा. भटजींनी हाक दिली आणि नवरी खोलीच्या दारातच अडकली. मागून मावश्या ढकलतायत, पुढून मी ओढतोय, पोरीच्या डोळ्यांत पाणी. कुणीतरी कात्री मागितली.

"कात्री राहू द्या," मी म्हणालो. माझ्याकडच्या दुसऱ्या एका चित्रात तशीच बाई दारातून बाहेर पडते. "पोरी, एका बाजूनं घेराची कडी वर उचल आन् तिरपी हो."

ती अलगद बाहेर आली.

लग्नाचे फोटो आले, तेव्हा बायकोनं त्यातला एक निवडून बग्गीवालीशेजारी टांगला. मावश्या, भाची, मी, सगळे त्या दारात.

म्हणाली, "आता पाहुण्याइले समजावून सांगा लागनार नाई."