मधल्या कोपऱ्यातलं पाणी

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्याने बोला, पत्र्यावर पाऊस बडवतोय… कोण?

…तू?

धाकटे, तू? अगं वीस पावलांवर राहतेस, मध्ये एक भिंत, आणि फोन करतेस?… हो, मी म्हणाले होते. "तुझं तोंड बघणार नाही" असंच म्हणाले होते, दोन वर्षांपूर्वी. म्हटलं ते म्हटलं… आवाजाबद्दल काही बोलले नव्हते? बरं. वकिलाच्या पोटी जन्मायला हवी होतीस. बोल.

कुठून बघतेयस?… स्वयंपाकघराच्या खिडकीतून. बघ बघ. फुकटचा तमाशा. थोरली जाऊ स्टुलावर, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, गळ्यात दुसऱ्या पिशवीत फोन आणि हातात साखळी.

हसू नकोस.

हसू नकोस म्हटलं ना! स्टुलाचा एक पाय आधीच लंगडा. मला हसू फुटलं तर सरळ जमिनीवर येईन.

…साखळी कशाला म्हणजे? पावसाची साखळी आहे ही. पन्हळ नसलेल्या घरांना लावतात. छपराच्या कडेला टांगायची, की पाणी कडी-कडी करत खाली उतरतं, शहाण्या सुनेसारखं. धबाधबा अंगावर येत नाही… छे, माझं कुठलं डोकं! लोहाराच्या बायकोने फोनवर दाखवलं. काय सुरेख उतरत होतं त्यात…

हो. कोरडी आहे.

दिसतंय गं मला! तिच्या शेजारीच उभी आहे. डावीकडे पागोळ्या, उजवीकडे पागोळ्या, माझ्या पाठीत पागोळ्या, आणि मधोमध ही बया ठणठणीत कोरडी. आठ दिवस पाऊस कोसळतोय, चादरीसुद्धा दमट झाल्यात, आणि अख्ख्या घरात कोरडी वस्तू एकच. वाटतं, पापड वाळत घालावेत हिच्यावर.

…तुला काय माहीत, का कोरडी ते?… काय?… थांब थांब. तू पण?

कधी?… काल. कुठे?… तुमच्या पलीकडच्या टोकाला. हं. आणि?

कोरडी! आता कोण हसतंय? …अगं आई गं, स्टूल… नाही, नाही पडले. धरलाय वासा. तू आधी हसणं बंद कर, मग मी करते.

…हो, कळतंय मला. कडेला सगळीकडून सारखंच ठिबकतं, साखळीला भेटायला पाणी मुद्दाम वाट वाकडी करून कशाला येईल? जिथे पाणी गोळा होतं तिथे ती टांगायची. दोन छपरं मिळतात तिथे. म्हणजे मधला कोपरा. तुमचं छप्पर, आमचं छप्पर, त्यातली खोबण… अगं हो, सकाळपासून कळतंय! तुला काल कळलं होतं ना? मग तू का टोकाला लावलीस?

…तेच. मधल्या कोपऱ्याला कुणी हात लावायचा नाही. दोघा भावांचं ठरलंय.

आणि का ठरलंय? तर पन्हळ लावली की उतार कुणाच्या अंगणात काढायचा! हे म्हणाले तुमच्या, भाऊजी म्हणाले आमच्या. मग पन्हळच नको. मग भिंत. मग एकमेकांचं तोंड नको. आणि मग आपण दोघी, शहाण्या, नवऱ्यांच्या भांडणात स्वतःचं तोंड घालून मोकळ्या! पाणी काय वाटणीचा कागद वाचून पडतं? ते उतार बघतं. भांडण त्यांचं, ते दोघं कामावर कोरडे, आणि ओटीवरच्या बादल्या उपसायला आपण… बोलू दे मला. दोन वर्षं साठलंय.

…मामंजी काय करतायत? झोपलेत?

अजून कोपर दुखतंय?… हो ना. दुपारी आमच्याकडे जेवायचं आणि रात्री तुमच्याकडे, कुठल्याच मुलाने म्हणू नये की बाप दुसऱ्याचा झाला. आणि जायला वाट कसली, तर भिंत आणि घर यांच्यातली हातभर फट, बरोब्बर त्या कोपऱ्याखाली. वरून नळ सोडल्यासारखं पाणी, खाली शेवाळ. आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस, ही दोन्ही घरं त्यांच्या हातची, आणि लेकाकडे जेवायला स्कूटरचं हेल्मेट घालून जातात! परवा मी म्हटलं, मामंजी, छत्री घ्या. तर म्हणतात, छत्री उलटते, पोरं उलटतात, हेल्मेट बरं.

…हो. डॉक्टर आम्हालाही तेच बोलले. पुन्हा पडले तर उठायचे नाहीत.

आणि आज संध्याकाळी… तुमच्याकडे पण तेच चाललंय? हं. "फट बुजवून टाकू. बाबा कायमचे कुणाकडे ते आज ठरवू." हे सकाळी चहा पिताना म्हणाले. जसं काही कपाट हलवायचंय. भाऊजी?… त्यांचंही तेच. सख्खे भाऊ आहेत, शंकाच नको.

…मला माहितेय गं. ज्याच्या घरात कोंडतील तिथे ते महिनाभर टिकणार नाहीत. मला नकोत का ते? हवेत. पण अर्धेच हवेत. अर्धे तुझे.

रडू नकोस. मी वर आहे, मला डोळे पुसायला हात नाही… नाही, मी नाही रडत. पागोळ्या आहेत.

बरं ऐक. मी आता स्टूल उचलते आणि मधल्या कोपऱ्याला जाते… हो, तिथेच. लावलाच हात. काय करतील, आणखी एक भिंत बांधतील? पण साखळी पुरायची नाही. ही लोंबकळते जेमतेम माझ्या कमरेपर्यंत. तिथून पाणी उडणार ते उडणारच.

…तुझी केवढी आहे?… तेवढीच? बरोब्बर तेवढी कशी?

…कुठली? झोपाळ्याची?

अगं… ही पण झोपाळ्याचीच आहे. मामंजींच्या. अगं, वाटणीत नाही का, एक साखळी यांना, एक भाऊजींना, आणि फळी दोघांनी उभं राहून करवतीने कापली! मी तेव्हा ओटीवर होते, तू पण होतीस, दोघी गप्प. अर्धी फळी आमच्या मोरीत आहे, पाय घासायला… तुमची?… बरणीखाली. वा. दोन साखळ्या, दोन अर्ध्या फळ्या, आणि झोका कुणालाच नाही. काय मोठी वाटणी केली!

तर आण ती. तुझीला खाली आकडा आहे ना? माझीला कडी. अडकेल… हो, तू आण. म्हणजे तूच. स्टूल पण धरायला कुणीतरी लागेल ना. इथे चिखल आहे, लंगडा पाय आत जातोय.

…तोंड? अगं हो. तोंड.

नाही, म्हटलं ते म्हटलं. मी शब्दाची पक्की आहे, पाय मोडला तरी चालेल… काय घालून येतेस?

हेल्मेट?

मामंजींचं? काळ्या काचेचं? (काय बाई डोकं तुझं!) हो, मग काच खाली असली तर तोंड दिसत नाही. शपथ शाबूत. ये. पण फोन?… आत कानाशी खोचतेस? खोच. घट्ट खोच.

…

आलीस? मी वर बघतेय, खाली बघत नाही. ये, भिंतीला धरून ये, शेवाळ आहे… बापरे, काय पाणी आहे गं इथे, आख्खं आभाळ माझ्या डोक्यावर रिकामं होतंय… स्टूल धर. आधी स्टूल. धरलंस?

तो माझा पाय आहे.

अगं पाय आहे माझा तो! काचेवर वाफ धरली तर पुसू नकोस, आतून आलीय ती. चाचपून धर. हां… तो स्टुलाचा. लंगडा तोच. धर.

साखळी दे वर… आली. थांब, इथे वाशाला आकडा ठोकायचा, पत्र्याची जीभ खाली वाकवायची, म्हणजे सगळं पाणी साखळीवर येईल… तेलाचा डबा कापून केलीय जीभ. हो, मीच कापली. बोट पण कापलं.

…बसला आकडा. आता तुझी माझीत. अडक गं बाई… अडकली! सोड खाली. खाली काय ठेवलंयस?… मामंजींचं जुनं घमेलं? आणि खडी. बरं केलंस.

…

धाकटे.

उतरतंय गं.

कडी-कडीवरून उतरतंय. बघ ना… अगं काचेतून काय दिसणार तुला! ऐक तरी. धबधब बंद. नुसतं खळखळ. माझ्या मानेवर एक थेंब नाही.

…किती वाजले? चार? म्हणजे मामंजी आमच्याकडे चहाला… आले. तुमच्या दारात आले. खुंटी चाचपतायत. हेल्मेट शोधतायत… तू बोलू नकोस, हेल्मेटमधून बाई बोलली तर घाबरून पडतील.

मामंजी! इकडे नका… नाही, या. या, सावकाश. कोरडं आहे.

…तुला काय म्हणतायत? "माझं हेल्मेट घालून कुठे निघालीस?" सांग, तुमच्याच कामाला.

आता साखळीकडे बघतायत. हात लावला. कड्या मोजतायत वाटतं… "झोपाळ्याची आहे." हो मामंजी. झोपाळ्याचीच. दोन्ही आहेत.

…गेले. फटीतून गेले, उघड्या डोक्याने. केसांवर एक थेंब नाही. आत जाऊन बसले पण चहाला. जाताना घमेलं पायाने जरा सरळ केलं, बघितलंस?… नाही बघितलंस. वाफ.

ऐक, संध्याकाळचं ठरवून ठेवू. मी यांना सांगते, भाऊजींनी आपली साखळी आधी दिली, धाकटेपणाने नमते झाले. तू भाऊजींना सांग, थोरल्याने आधी दिली, शेवटी मोठं मन दाखवलं. दोघं छाती फुगवून हिंडतील आणि कुणी विचारायला जाणार नाही. बोलतच नाहीत ना, त्यांच्या अबोल्याचा आपल्याला एवढा तरी उपयोग!… खोटं? साखळी खरी आहे. पाणी खरं आहे. बास.

…काय म्हणालीस? घोगरं ऐकू येतंय, काच वर कर.

अगं काच वर कर… शपथ? शपथ मी घेतली, मीच सोडते. कर वर.

…

वाळलीस गं.

आणि केस काय केलेस?… बरे दिसतात. नाही, खरंच बरे दिसतात.

…थांब. स्कूटर. यांचीच आहे… आणि मागून ती दुसरी, भाऊजींची. दोघं एकदम फाटकात, बघ, आणि कुणी आधी आत यायचं यावरून थांबलेत पावसात. भिजू देत.

पळू नकोस! तू पळालीस तर मी कोसळले. आणि मी नाही उतरणार. दोन वर्षं यांच्याशी खालून बोलले, आज वरून बोलते. फट बुजवायची भाषा कोण करतं तेच बघते.

…हो, ठेव फोन. समोर तर आहेस… अगं हात काढलास! स्टुलावरचा हात काढलास! हेल्मेटमधला फोन काढायला दोन्ही हात… परत धर! आधी धर!

राहू दे चालू. तू काही करू नकोस. तू फक्त धरून राहा, घट्ट. माझा एक हात मोकळा आहे.

मी ठेवते.